दातावर दात

१

किसनरावनं आपल्या बायकोचा खून केला, याबद्दल फुलसावंगीच्या शिवारात कुणालाही शंका नव्हती. मलाही नव्हती, आणि मी त्याचा वकील होतो.

दोन हजार सहाचा उन्हाळा. त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते कापसाच्या वाईट बातमीतच. मुंबई-दिल्लीचे पाहुणे गाड्या भरभरून यायचे, वाळक्या पऱ्हाटीचे फोटो काढायचे आणि जाताना शेततळी मंजूर करून जायचे. तसंच एक शेततळं किसनरावच्या वावरात खोदायला घेतलं होतं. जेसीबी चालवत होता जवळच्या तांड्यावरचा नेमसिंग. दिवस मावळायच्या सुमाराला काळ्या मातीच्या ढेकळांबरोबर माणसाची कवटी वर आली आणि नेमसिंगनं यंत्र बंद केलं.

गाव जमलं. किसनरावची बायको इंदू आठ वर्षांपूर्वी अशाच उन्हाळ्यात घरातून नाहीशी झाली होती, हे सगळ्यांना एकदमच आठवलं. सकाळी पोलीस आले, त्यांनी सुटी माती हातानं चाळली आणि हाडांजवळ चांदीच्या जोडव्यांचा जोड सापडला. इंदूचे थोरले भाऊ नानाजी तिथंच उभे होते. त्यांनी जोडवी ओळखली आणि ते मटकन खाली बसले. "भाऊबीजेले आलती, तेव्हाच तिचं तोंड पाह्यलं होतं म्या शेवटचं," असं ते रडत रडत फौजदारांना म्हणाले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हाडं पाहून सांगितलं की पूर्ण वाढ झालेली बाई आहे. पुढची तपासणी नागपूरला व्हायची होती आणि तिला किती महिने लागतील ते देवच जाणे. तोवर थांबतो कोण? किसनरावला आत टाकलं.

त्याच्या बाजूनं उभं राहायला कुणी तयार होईना, म्हणून कोर्टानं मला नेमलं. मी त्याला भेटायला गेलो, तर गडी भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"किसनराव, मी ॲडव्होकेट यज्ञेश्वर. तुमचा वकील. त्या दिवशी काय झालं ते सांगा."

"काय सांगू साहेब? चूक माहीच हाय."

यापलीकडे एक अक्षर नाही. मी फाईल बगलेत मारून घरी आलो. असला अशील मिळाला की वकिलानं सरळ देवाचं नाव घ्यावं, दुसरं काही हातात उरत नाही.

घरी माझ्या खुर्चीसमोर एक पोरगी बसली होती. अशिलांच्या रांगेतली वाटत नव्हती. मी आत पाऊल टाकलं तशी ती उठली आणि म्हणाली, "त्या माणसाले सोडवू नका. एवढंच सांगाले आली मी."

२

पुसदला आमच्या घराच्या पुढच्या भागात डावीकडे माझं ऑफिस आणि उजवीकडे माझ्या बायकोचा, म्हणजे डॉक्टर पद्मजाचा, दातांचा दवाखाना. तिच्याकडे लोक तोंड उघडायला घाबरतात, माझ्याकडे मिटायला तयार नसतात. मधल्या बोळातून आमचा चहा इकडून तिकडे फिरतो. त्या वेळी तो चहा घेऊनच पद्मा आत आली.

"मी सुरभी," पोरगी म्हणाली. "इंदूची पोरगी."

सतरा वर्षांची असेल. बोलताना डाव्या हाताची बोटं ओठांसमोर धरायची, जणू शब्द मोजून बाहेर सोडत होती. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. नानाजीमामांनी तिला उचलून आपल्या घरी नेलं, शिकवलं. बापाशी ती आठ वर्षांत एक शब्द बोलली नव्हती.

"गावात सगळे म्हणत, त्यानंच काही केलं. मामाही म्हणे. माह्या मनात तरी कुठंतरी वाटे का नसन केलं. आता तं जोडवी निघाली." तिनं पर्समधून एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. "ही माही आई. हिच्या खुन्यासाठी तुम्ही उभे राहून राह्यले, वकीलसाहेब. तुम्हाले काही वाटत नाही?"

मला वाटत होतं. चांगलंच वाटत होतं. पण पोटासाठी करतो असं एका पोरक्या पोरीला सांगण्याची हिंमत होईना, म्हणून मी चष्मा पुसत बसलो.

फोटो पद्मानं उचलला. जत्रेतला असावा, मागे पाळणा दिसत होता. इंदू कशावर तरी खळखळून हसली होती आणि पदर तोंडाशी न्यायच्या आत कुणीतरी बटण दाबलं होतं. वरच्या बाजूचा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलेला स्पष्ट दिसत होता. दातावर दात.

"आई नेहमी पदर धरे तोंडावर," सुरभी म्हणाली. "तिले लाज वाटे."

"आणि तुला?" पद्मानं विचारलं. "हात काढ बरं जरा."

पोरीनं नाइलाजानं हात काढला. तोच सुळा, त्याच जागी, तसाच चढलेला.

"सरळ करता येतो तो. सुट्टीत ये, तारा लावू. पैशांचं बघू नंतर."

सुरभीनं फोटो आमच्याकडेच राहू दिला. पुन्हा ओठांसमोर हात धरून ती निघून गेली. पद्मा फोटो हातात धरून बराच वेळ उभी राहिली. माझा चहा गार झाला.

"अहो," ती म्हणाली, "ती कवटी मला बघायला मिळेल?"

३

परवानगी कशी मिळवली ते सांगत बसत नाही. कोर्टातल्या गोष्टी सांगून मी आजवर कुणाचंच मनोरंजन करू शकलेलो नाही. इतकंच सांगतो की एका दुपारी फौजदार, मी आणि पद्मा सरकारी दवाखान्याच्या एका खोलीत टेबलाभोवती उभे होतो आणि टेबलावर ती कवटी होती, खालच्या जबड्यासकट. दातांवर काळी माती घट्ट बसली होती. चिकणी माती ती. वाळली की दगड. दातांकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी दिसलं नसतं.

पद्मानं पाण्यानं आणि बारीक ब्रशनं एकेक दात धुवायला घेतला. फौजदार दोनदा बाहेर जाऊन आले. मीही जांभया देत होतो. मग ती एकदम थांबली.

"दात मिटा," ती मला म्हणाली.

"मी?"

"तुम्हीच. नेहमीसारखे मिटा. आता खालचे दात कुठं आहेत?"

मी जिभेनं चाचपडलं. "वरच्यांच्या मागे."

"साहेब, तुमचेही तसेच असणार. माझेही. आपण कात्रीसारखे मिटतो, वरचं पातं खालच्याच्या पुढे." तिनं कवटीचा खालचा जबडा वरच्याला लावून दाखवला. "हिचं बघा. चिमट्यासारखं. टोकाला टोक. पुढच्या दातांच्या कडा एकमेकींवर घासून सपाट झाल्यात. दाढांचे उंचवटे गेलेत. आणि ही शेवटची अक्कलदाढ कशी ऐसपैस बसली आहे, मागे अजून जागा शिल्लक आहे! माझा अर्धा दवाखाना अक्कलदाढेला जागा नसल्यामुळे चालतो."

"म्हणजे काय म्हणायचं?" फौजदारांनी विचारलं.

"जबडा चावून वाढतो, साहेब. लहानपणापासून जाड, टणक खाल्लं की हाड रुंद होतं, सगळ्या दातांना जागा मिळते. जात्यावरच्या पिठात दगडाची कणी येते, ती रोज दात झिजवते. झिजत झिजत दात टोकाला टोक येतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांचे चेहरे असे असायचे. मग खाणं मऊ झालं. गिरणीचं पीठ आलं, चहात बुडवलेली बिस्किटं आली. जबडा आखूड राहिला, दात मात्र तेवढेच. मग ते एकमेकांवर चढतात."

"खेड्यातल्या बाया भाकरीच खातात की!"

"पण गिरणीच्या पिठाची. इंदूच्या जन्माआधीपासून गावात गिरणी आहे. सत्ताविसाव्या वर्षी तिच्या दाढा अशा झिजणार नाहीत. आणि ते सगळं सोडून द्या." तिनं तो जत्रेतला फोटो कवटीशेजारी ठेवला. "इंदूचा हा सुळा बघा. आता हिचा बघा. सगळे बत्तीस दात रांगेत, एकही कुणावर चढलेला नाही. माणूस मेल्यावर दात सरळ होतात का?"

फौजदारांनी फोटो घेतला, कवटीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"ही इंदू नाही," पद्मा म्हणाली. "नागपूरचे लोक नेमकं सांगतील, पण वावराच्या कडेला ते पडकं हेमाडपंती देऊळ आहे ना, ते नवीन होतं तेव्हाची ही बाई असेल. सहाशे, सातशे वर्षांपूर्वीची."

मला एखाद्या शाळकरी पोरासारखा आनंद झाला होता. फौजदारांनी तो पुरता पाच मिनिटंही टिकू दिला नाही.

"असन बाई. तुमचं सगळं खरं असन," ते शांतपणे म्हणाले. "पण मले एक सांगा. सातशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या हाडात इंदूची जोडवी कशी आली?"

४

आम्ही वावरात गेलो. खड्डा तसाच होता, भोवती दोरी. नेमसिंग आम्हाला पाहून लांबूनच म्हणाला, "माहा काही संबंध नाही साहेब. मी आपली मशीन चालवून राह्यलो होतो."

"जोडवी कुठं सापडली तेवढंच दाखव दादा," पद्मा म्हणाली.

त्यानं खड्ड्यात उतरून दाखवलं. कवटी या बाजूनं निघाली. इथं छाती, फासळ्या. हा हात, बोटांची बारीक बारीक हाडं सुट्या मातीत पसरलेली. तिथंच जोडवी.

"आणि पाय?"

"पाय त्या तिकडं, घट्ट मातीत. थे तं दुपारून निघाले. कुदळीनं काढा लागले."

पद्मानं माझ्याकडे पाहिलं. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा. जोडवी पायात असतात. पाय अजून जमिनीत गच्च बसलेले असताना जोडवी हाताजवळ कशी सापडली? कुणीतरी ती आणून ठेवली होती. आणि ठेवणाऱ्यानं सुट्या मातीतली बारीक हाडं पाहिली आणि ती पायाची बोटं समजून तिथं चांदी पुरली होती. हाताची आणि पायाची बोटं, मांस गेल्यावर, आपल्यासारख्याला सारखीच.

"त्या संध्याकाळी इथं कोण होतं?" मी विचारलं.

"गाव होतं सारं. मंग पांगले. मी जेवाले गेलतो. मांगं बसंतीबाई अन् नानाजी होते. ते म्हणे, तू जाय, आमी हाओ."

बसंतीबाई म्हणजे शेजारच्या वावरची मालकीण. बांधावरून तिचं आणि किसनरावचं हाडवैर, हे मला कागदपत्रांवरून माहीत होतं. शिवाय इंदू घर सोडून गेली त्या सकाळी तिला शेवटचं पाहणारीही तीच. इंदूनं जाताना जोडवी तिच्याकडे ठेवायला दिली असतील, आणि वैर काढायला हिनं ती आता बाहेर काढली असतील. माझा तर्क तयार झाला. मी पद्माकडे विजयी मुद्रेनं पाहिलं, पण ती तोवर बसंतीबाईच्या खोपटाकडे निघाली होती.

बसंतीबाईनं आम्हाला पाणी दिलं. बांधाचं नाव काढताच किसनरावच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इंदूचं नाव काढताच गप्प झाली.

"पाह्यलं म्या तिले त्या दिवशी. सकाळीच यष्टीच्या रस्त्यानं चालली होती. पदर तोंडावर. म्या म्हटलं, कुठं चालली वो? बोलली नाही."

"पदर तर ती नेहमीच धरायची," पद्मा म्हणाली.

बसंतीबाईनं मान खाली घातली. "नेहमीसारखा नोयता थो. वारा आला, पदर सरकला. ओठ सुजेल दिसला मले. म्या तिले थांबवाचं तं म्याच तोंड फिरवलं. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत कायले पडा लागते, असं म्हटलं मनात. आठ वर्सं झाले, थो ओठ दिसते मले."

मग डोळे पुसून तिनं आपल्याच मनाची समजूत काढल्यासारखं सांगितलं, "पण भाऊ तो भाऊच असते, बाई. त्या दिवशी शिपायाच्या हातात नुसता चिखलाचा गोळा होता. नानाजीनं न धुताच सांगतलं, धुऊन पाहा, डाव्या पायातल्याले आतून डाग देल्ला असन. धुतलं तं खरंच निघाला."

"तुम्हाला माहीत होता तो डाग?"

"मले? नाही बा. माह्या डोयानं मी पहिल्यांदाच पाह्यला."

परत येताना मी म्हटलं, "भाऊच आहेत ते. बहिणीचं जोडवं सोनारानं कुठं डाग देऊन सांधलंय ते माहीत नसणार?"

"तेच तर विचारायचंय," पद्मा म्हणाली. "पण नानाजींना नाही. तुमच्या अशिलाला."

५

किसनराव पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला होता. पद्मा त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

"किसनभाऊ, ती हाडं तुमच्या बायकोची नाहीत."

त्यानं हळूहळू मान वळवली. त्याला ते कळायलाच वेळ लागला. मग त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला की मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"मंग जिती हाय थे?"

"माहीत नाही. पण ते शोधायचं असेल तर एक सांगा. तिच्या डाव्या जोडव्याला डाग कधी दिला?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिला. पद्मानं घाई केली नाही. मी असतो तर एव्हाना चार प्रश्न विचारून बसलो असतो.

"जाच्या आदल्या दिवशी," तो शेवटी म्हणाला. "बाजार होता. मीच घेऊन गेलतो सोनाराकडं."

"तुटलं कसं होतं?"

"म्या तोडलं." आवाज भिंतीवर आपटून परत आल्यासारखा आला. "म्हणजे, म्या हात उचलला तिच्यावर. पह्यल्यांदा नाही. भाजीत मीठ कमी होतं का काय, आता आठवतही नाही, बाई. धक्का देल्ला, थे चुलीपाशी पडली, ओठ फुटला, पाय उंबऱ्यावर आपटला अन् जोडवं तुटलं. रातभर मले झोप नाही. सकाळी उठून जोडवं सोनाराकडून सांधून आणलं, संध्याकाळी म्याच तिच्या पायात घातलं. म्हटलं, पुन्हा असं नाही करणार. थे काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वावरातून आलो तं घरात नोयती."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"कोन्या तोंडानं सांगू? खून नाही केला म्हणाचं, तं मंग काय केलं थे सांगा लागते. पोरगी ऐकन ना. म्हटलं, त्यापेक्षा जेल बरी."

मी आयुष्यात बऱ्याच गुन्हेगारांची वकिली केली. पण न केलेल्या खुनाची शिक्षा भोगायला तयार झालेला, कारण केलेली गोष्ट सांगायची लाज वाटते म्हणून, असा हा पहिलाच. त्याचा राग येत होता आणि त्याची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम येण्याची मला सवय नाही.

"तो डाग कुणी पाहिला असेल?" पद्मानं विचारलं.

"सोनारानं, म्या, अन् तिनं. चौथं कोण पाहीन?"

"चौथ्यानं पाहिला," पद्मा उठत म्हणाली. "चला अहो. नानाजींकडे."

६

नानाजींचं गाव पुसदच्या अलीकडेच. पंचक्रोशीत त्यांना मोठा मान. कुणाची लेक नवऱ्याला सोडून माहेरी आली की नानाजींना बोलावणं जायचं. ते दोन्हीकडच्यांना समोर बसवायचे, चार शब्द सुनवायचे आणि पोरीला परत नांदायला पाठवायचे. त्यांनी घालून दिलेली घडी मोडत नाही, असं लोक कौतुकानं सांगत.

ते ओसरीवर बसले होते. सुरभी दारात तूर पाखडत होती. आम्हाला पाहून ती आत जायला निघाली, तर पद्मानं तिला थांबवलं. "तुझ्याच आईबद्दल आहे. ऐक."

मग तिनं सुरुवातीपासून सगळं सांगितलं. कवटीचे टोकाला टोक दात, झिजलेल्या दाढा, रांगेतले सुळे. सुरभीच्या हातातलं सूप खाली आलं. हाताजवळ सापडलेली जोडवी आणि जमिनीत अडकलेले पाय. नानाजी ऐकत होते. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"जोडवी बसंतीबाईनं ठेवली असतील, असं माझ्या मालकांना वाटलं," पद्मा म्हणाली. "पण तिला डागाची कल्पना नव्हती. किसनभाऊंना होती, पण आपल्याच गळ्यात फास कोण अडकवून घेईल? नानाजी, तुम्ही न धुतलेल्या चिखलातलं जोडवं पाहून सांगितलं की त्याला आतून डाग आहे. तो डाग इंदू जायच्या आदल्या दिवशी दिलेला आहे. आणि तुम्ही तर तिला भाऊबीजेनंतर पाहिलंच नव्हतं."



"मामा?" सुरभी म्हणाली.

नानाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढा मोठा माणूस एकदम म्हातारा दिसू लागला.

"धाकटीले पाहाले पावणे आले होते त्या दिवशी," ते म्हणाले. "हितंच, याच ओसरीवर. चहा सुरू होता. अन् इंदू मागच्या दारी येऊन उभी राह्यली. ओठ फुटेल. म्हणे, दादा, मी आता तिकडं जात नाही. मी म्हटलं, आज नको. पावण्याईनं पाह्यलं तं काय म्हणतीन, एक बहीण नवरा सोडून आली, दुसरीचं कसं होईन? जाय परत. मी येतो उद्या अन् समजावतो त्याले." त्यांनी मांडीवरची टोपी चुरगळली. "साऱ्या दुनियेच्या पोरी नांदाले धाडल्या म्या. माह्याच घरी बहीण येऊन बसली असती तं कोन्या तोंडानं बोललो असतो?"

"मग?"

"तिनं वाद नाही घातला. खाली वाकली, दोन्ही जोडवी काढली अन् उंबऱ्यावर ठेवली. नवरा जिता असताना! म्हणे, हे तूच ठेव दादा, तुलेच याची काळजी हाय. अन् गेली. मी पावण्यायसाठी पान लावत होतो. दुसऱ्या दिवशी गेलो किसनकडं, तं थे तिथं पोहोचलीच नोयती."

त्यांनी शोध घेतला होता, पण गुपचूप. विहिरी पाहिल्या, नदीकाठ पाहिला. तिनं जीव दिला, हे त्यांनी मनोमन धरून चाललं होतं. मग गाव किसनरावकडे बोट दाखवू लागलं आणि त्यांनी ते बोट तसंच राहू दिलं. जोडवी मोडीत घालवेनात, फेकवेनात. आठ वर्षं ती देवघरामागे पडून होती.

"हाडं निघाली तं मले वाटलं, तिचीच हाय. त्यानंच मारून पुरली. मंग माहं काही देणंघेणं उरत नव्हतं, बाई. माह्या दारातून गेली नाही, त्याच्याच हातून मेली. पण सकाळी फौजदार येऊन म्हणतीन का कशावरून तिचीच, असं वाटलं. म्हणून घरून येतानाच जोडवी खिशात घालून आणली अन् बसंतीबाई गेल्यावर ठेवली. डाग तेवढा डोळ्यासमोर होता, रोज पाहत होतो ना. तोंडातून निघून गेला."

सुरभी पायऱ्या उतरून खाली आली होती. ती मामांवर ओरडेल असं मला वाटलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि ती बोलली ते बोटांच्या फटीतून.

"मी वकीलसाहेबाले म्हणत होती, माह्या बापाले सोडवू नका."

७

किसनराव सुटला. नानाजींवर खोटा पुरावा केल्याचा खटला भरला; तो मी घेतला नाही. सुरभी बापाला भेटायला गेली. दोघं काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण तिला सगळं त्यानंच सांगितलं. "तुहा बाप खुनी नाही, पण चांगलाही नाही," असं म्हणाला म्हणे. नागपूरच्या लोकांनी सांगाडा नेला आणि सातशे वर्षांच्या आसपासचा ठरवला. पेपरात ती बातमी आली, पद्माच्या सांगण्यावरून सोबत इंदूचा जत्रेतला फोटोही छापला. बायका-पोरींनी तो फोटो पाहून हळहळ व्यक्त केली आणि बातमी शिळी झाली.

पाऊस सुरू झाला होता. एका सकाळी पद्माच्या दवाखान्यात पेशंटच्या बाकावर एक चाळिशीकडे झुकलेली बाई बसली होती. पदर तोंडावर. पायांची बोटं मोकळी. मी बोळातून चहा घेऊन चाललो होतो, तर पद्मा दारात येऊन तिच्याकडे पाहत उभी.

"या इंदूताई," ती म्हणाली.

बाई दचकली. किनवटला एका वसतिगृहात ती पोरांसाठी भाकरी करायची. पेपर तिला तिथंच दिसला, सामानाला गुंडाळून आलेला.

"थे बाई कोन होती?" तिनं पहिला प्रश्न हा विचारला. "जे माह्या नावानं पडून होती. तिले नीट ठेवलं काय कुठं?"

पद्मानं हो म्हटलं. मी चहा पुढे केला. तिनं तो हातात धरून ठेवला.

"निरोप तरी पाठवायचा," माझ्या तोंडून निघून गेलं. "एक पोस्टकार्ड."

"काय लिहू साहेब? नऊ वर्सांची पोरगी टाकून गेलती मी. जाची वेळ आली तं तिले उचलून घ्याची सुद्द नाही राह्यली. मंग आयकलं, दादाकडं हाय, शिकून राह्यली. मले वाटलं, चांगली हाय, माह्यावाचून. कोन्या तोंडानं येऊ परत?" मग हळूच, "पोरगी मले पाहीन काय?"

मी सुरभीच्या कॉलेजात फोन लावला. ती कॉलेजातूनच आली, वह्या छातीशी धरून, भिजलेली. दारात थबकली. बाकावरची बाई उठून उभी राहिली. दोघींना एकमेकींची ओळख पटली ती कशी, ते मी समोर पाहिलं. दोघींचे हात एकाच वेळी तोंडावर गेले.

मला तिथून जायला हवं होतं, पण पाय निघेनात.

"मी बाबाले फाशी द्या म्हणे," सुरभी म्हणाली.

"अन् मी जिती होती," इंदू म्हणाली.

सुरभीनं पुढे होऊन आईचा हात धरला आणि तोंडावरून खाली ओढला. जोरात ओढला, रागानंच म्हणा. इंदूच्या ओठावर जुना पांढरा वण होता आणि वर तो चढलेला सुळा.

इंदू गावी परत गेली नाही. किसनरावनं निरोप पाठवला होता की तो तिच्या वाटेत येणार नाही. तिनं तो ऐकून घेतला, उत्तर दिलं नाही. नानाजी पावसात आमच्या दवाखान्यासमोर येऊन उभे राहिले होते, तेव्हा ती खिडकीतून पाहून आत वळली. सुरभी सुट्टीत किनवटला जाते. बापाकडेही जाते, पण मुक्काम करत नाही.

दिवाळीच्या आधी ती पद्माकडे आली, तेव्हा पद्मानं तारांची पेटी काढून ठेवली होती.

"राहू द्या बाई," सुरभी म्हणाली. "आईचा तसाच हाय ना. दिसू द्या माहाही."

पद्मानं पेटी मिटली. सुरभी आमच्याकडे जेवून गेली. जेवताना एकदाच हसली, आणि तिचा हात सवयीनं तोंडाकडे गेला. अर्ध्या वाटेवर थांबून तिनं तो परत ताटाजवळ ठेवला.